आधी वेग, मग डाव

मराठी माणसाला गनिमी काव्याचे कौतुक फार, आणि नगरकरांना तर हक्काने. 1624 साली नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम लोळवले. त्यामुळे दोन नौकांची समोरासमोर शर्यत असली तरी जो अधिक धूर्त तो जिंकणार, असे आपण धरूनच चालतो. पण भातवडीचा तपशील जरा नीट पाहावा. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे त्याने समोरच्या जड फौजेची चाल काढून घेतली आणि आपले हलके घोडेस्वार मोकळे ठेवले. त्या काव्याचा सगळा रोख वेगावर होता. शिडाच्या दुहेरी सांगाड्याच्या नौका, म्हणजे कॅटमरान, यांच्या शर्यतीत तर हे अधिकच उघडे पडते.

जुन्या संथ नौकांच्या शर्यतीत मागचा नाविक पुढच्याच्या शिडातला वारा अडवून त्याला गाठू शकत असे. पुन्हापुन्हा दिशा बदलून प्रतिस्पर्ध्याला दमवणे हाही ठरलेला डाव होता. पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी कॅटमरान मात्र वाऱ्यापेक्षा वेगाने धावते. वाऱ्याबरोबर जातानाही तिला वारा पुढूनच लागतो, त्यामुळे मागच्या नौकेला तो अडवता येत नाही. दिशा बदलताना हलक्या सांगाड्याचा वेग झटकन पडतो, म्हणून तो डावही महागात पडतो. 2013 च्या अमेरिका कपचा निकाल यावर बोलका आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत न्यूझीलंडचा संघ 8–1 ने पुढे होता. आधीच्या स्पर्धांतील गैरप्रकाराबद्दल अमेरिकेच्या ओरॅकल संघाचे दोन गुण कापलेले होते. तरी ओरॅकलने ओळीने आठ शर्यती जिंकून 9–8 ने कप राखला.

याचे श्रेय अनेकजण बेन एन्सलीला देतात. पाचव्या शर्यतीनंतर जॉन कोस्टेकीच्या जागी डावपेच आखायला तो आला होता. आक्षेप वजनदार आहे, पण तारखा त्याच्या बाजूने नाहीत. एन्सली आल्यावरच्या पहिल्या सहा शर्यतींपैकी चार ओरॅकल हरली. मधल्या काळात नौकेत रोज फेरफार होत होते आणि खलाशी वाऱ्याच्या तोंडावर जातानाही तिला पंखांवर उचलून धरायला शिकत होते. नंतर पारडे फिरले. 25 सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीत न्यूझीलंडनेच आधी आघाडी घेतली होती. ओरॅकलने न्यूझीलंडला मागे टाकले ते वाऱ्याच्या तोंडावरच्या टप्प्यात, जिथे ओरॅकलचा वेग नव्याने वाढला होता. नशिबाचाही वाटा होता, हे नाकारायचे कारण नाही: पडलेल्या वाऱ्यात एक शर्यत 40 मिनिटांच्या मुदतीत पुरी झाली नाही, म्हणून रद्द झाली, आणि तेव्हा पुढे न्यूझीलंड होते.

मग डावाला किंमतच नाही का? आहे, पण तिची जागा वेगळी आहे. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांची ‘रिव्हेंज’ आणि ‘हंटर’ ही जहाजे वाट अडवून उभी होती. उघड्या समुद्रात, भर वाऱ्यात त्या तोफांपुढे मराठ्यांच्या होड्यांचा निभाव कठीण होता. पण वारा पडला की, किंवा पाणी उथळ असले की, वल्ह्यांवर चालणाऱ्या हलक्या होड्या त्या जहाजांना मागे टाकत. रात्रीच्या वेळी त्या बेटावर सामान पोहोचवत राहिल्या आणि इंग्रजांना ते रोखता आले नाही. आपली नौका कोणत्या पाण्यात आणि कोणत्या वाऱ्यात सरस आहे हे ओळखून शर्यत तिथे ओढून नेणे, एवढे काम डावाचे. तो वेग अंगात नसेल तर उत्तम डावपेचकारही हार थोडी लांबवतो, इतकेच. बर्म्युडात 2017 साली न्यूझीलंडने हातांऐवजी पायांनी सायकल मारून पंखांना आणि शिडाला लागणारी ताकद पुरवली, आणि ओरॅकलला 7–1 ने हरवले.