स्त्रियांमधील अतिरोमता

स्त्रियांमधील अतिरोमता किंवा हर्सुटिझम म्हणजे वरचा ओठ, हनुवटी, छाती, पाठ, पोट, मांड्यांची आतील बाजू अशा, एरवी पुरुषांनाच दाट केस येणाऱ्या भागांवर स्त्रीला जाड, काळे व राठ केस येणे. जननक्षम वयातील सुमारे ५ ते १० टक्के स्त्रियांमध्ये ही अवस्था आढळते. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. त्यामागे बहुधा पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण किंवा त्या संप्रेरकांना त्वचेने दिलेला वाजवीपेक्षा तीव्र प्रतिसाद असतो. म्हणून या अवस्थेच्या उपचाराला दोन बाजू आहेत : मूळ कारणाची चिकित्सा आणि उगवलेले केस काढणे. एकीने दुसरीचे काम होत नाही.

संज्ञा

हर्सुटिझम हा शब्द ‘केसाळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. मराठीत अतिरोमता हा शब्द सैलपणे दोन्ही अवस्थांसाठी वापरला जातो. परंतु वैद्यकशास्त्र त्यांत भेद करते. संपूर्ण अंगावर, स्त्री-पुरुष असा भेद न राखता केस वाढणे याला हायपरट्रायकोसिस म्हणतात. ते जन्मजात असू शकते, किंवा फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन, मिनॉक्सिडिल अशा औषधांनी उद्भवते. त्याचा पुरुषी संप्रेरकांशी संबंध नसतो. हातापायांवर थोडे अधिक केस असणे हीदेखील हर्सुटिझम नव्हे. पुष्कळ घराण्यांत ते आनुवंशिकच असते.

लव आणि केस

मराठीतील ‘लव’ हा शब्द येथे नेमका उपयोगी पडतो. मानवी त्वचेवरील बहुतेक रोमकूपांतून मऊ, आखूड, फिकट लव उगवते. टेस्टोस्टेरॉन रक्तातून रोमकूपापर्यंत पोहोचल्यावर तेथील ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या क्रियेने त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर होते. त्याच्या प्रभावाखाली लवेच्या जागी जाड, रंगयुक्त केस येऊ लागतो. मुलग्याला मिसरूड फुटते ते याच क्रियेने. हा पालट एकदा झाला की, संप्रेरकाची पातळी पुढे खाली आली तरी तो रोमकूप पुन्हा सहसा लवेकडे वळत नाही. औषधे चालू असूनही जुने केस का राहतात, याचे उत्तर येथे आहे.

नवजात बाळाच्या अंगावरची लव कणकेच्या गोळ्याने किंवा डाळीच्या पिठाने चोळून काढण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. ती लव एरवीही काही आठवड्यांत आपोआप गळते. मोठेपणी येणाऱ्या राठ केसांवर उटण्याचा असा उपयोग होत नाही. जोराने चोळल्यास त्वचा मात्र सोलवटते व काळवंडते.

कारणे

सर्वांत मोठे कारण पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम किंवा पीसीओएस हे आहे. अतिरोमतेच्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघींमध्ये तेच आढळते. अमेरिकेतील स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. या विकारात अंडाशय प्रमाणाबाहेर पुरुषी संप्रेरके तयार करतो. अनेक स्त्रियांत शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. हे वाढीव इन्सुलिन अंडाशयाला आणखी चेतवते. शिवाय ते टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन घटवते, त्यामुळे रक्तात मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. मानेच्या मागे वा काखेत येणारा मखमलीसारखा काळपट थर ही याच वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. घरोघरी तो मळ समजून घासला जातो. घासून तो जात नाही.

या विकाराचे प्रमाण किती, हे व्याख्येवर अवलंबून असते. मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार ते २२.५ टक्के, तर अँड्रोजन एक्सेस सोसायटीच्या निकषांनुसार १०.७ टक्के आढळले. ही पाहणी परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केली होती. पहिल्या निकषांत अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील अंडाशयाचे विशिष्ट रूप या तिन्हींपैकी कोणतीही दोन लक्षणे पुरतात. दुसऱ्यांत संप्रेरकांचे आधिक्य, मग ते केसांवरून दिसो वा रक्ततपासणीतून, अनिवार्य असते. वृत्तपत्रांत ‘दर पाच मुलींपैकी एक’ असे वाचताना कोणता निकष वापरला आहे, हे पाहिले पाहिजे.

काही स्त्रियांत पाळी नियमित व रक्ततपासणी निर्दोष असूनही केस येतात. या अज्ञातहेतुक अतिरोमतेत रोमकूपच अधिक संवेदनशील असतात. अधिवृक्क ग्रंथीतील २१-हायड्रॉक्सिलेज या विकराची जन्मजात उणीव सौम्य असल्यास तीही तारुण्यात याच रूपाने प्रकट होते व पीसीओएसशी तिची सहज गल्लत होते. कुशिंग सिंड्रोम, डॅनॅझॉल किंवा स्नायू वाढवण्याची स्टेरॉइडे ही कारणे कमी आढळतात.

अंडाशयातील वा अधिवृक्क ग्रंथीतील गाठ फारच विरळ. पण ती चुकता कामा नये. काही महिन्यांतच झपाट्याने वाढणारे केस, घोगरा होणारा आवाज, कपाळावरून मागे सरणारी केसांची रेषा, ऋतुनिवृत्तीनंतर प्रथमच सुरू झालेली वाढ ही त्या गाठीची चिन्हे आहेत. अशा स्त्रीने ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे, विलंब न लावता रुग्णालयात जावे.

मोजमाप व तपासणी

फेरीमन व गॅलवे यांनी १९६१ साली शरीराच्या ११ भागांवरील केसांना गुण देण्याची पद्धत मांडली. १९८१ साली सुधारलेल्या रूपात ९ भागांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. कमाल बेरीज ३६ होते. ८ वा अधिक गुण म्हणजे अतिरोमता, अशी सीमा पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती प्रामुख्याने पाश्चात्त्य स्त्रियांवरून ठरलेली आहे. पीसीओएसविषयीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वंशानुसार ४ ते ६ ही सीमा सुचवतात. या गुणपद्धतीची दुसरी मर्यादा अशी की, केवळ हनुवटीवर दाट केस असलेल्या स्त्रीचे गुण कमी भरतात, तिचा त्रास मात्र कमी नसतो. वारंवार थ्रेडिंग वा वॅक्सिंग करणाऱ्या स्त्रीची तपासणीही फसवी ठरते. केस कधीपासून व किती वेळा काढले जातात, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

रक्तात टेस्टोस्टेरॉन, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (पाळीच्या आरंभीच्या दिवसांत, सकाळी), थायरॉइड व प्रोलॅक्टिन पाहतात. पोटाची सोनोग्राफी करतात. पीसीओएस ठरल्यास रक्तशर्करा व मेद यांची तपासणी हवी, कारण या स्त्रियांत मधुमेहाचा धोका अधिक असतो. पाळी महिनोन्‌महिने न येणे हेही गर्भाशयाच्या अस्तरासाठी घातक ठरू शकते.

‘चेहऱ्यावर केस आहेत’ एवढ्यासाठी डॉक्टरकडे जाणे अनेक घरांत चैनीचे मानले जाते आणि लग्नाचे वय होईपर्यंत गोष्ट झाकली जाते. त्यात वाया जाणारी वर्षे ही निदानाची वर्षे असतात.

औषधोपचार

पहिली निवड बहुधा संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांची असते. त्यांनी अंडाशयातील संप्रेरकनिर्मिती घटते व टेस्टोस्टेरॉनला बांधणारे प्रथिन वाढते. परिणाम अपुरा वाटल्यास स्पायरोनोलॅक्टोन हे मूळचे रक्तदाबावरील औषध जोडतात. ते व त्या वर्गातील इतर औषधे गर्भातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत व्यत्यय आणू शकतात. म्हणून ती घेताना गर्भनिरोधन अनिवार्य असते. मेटफॉर्मिन इन्सुलिनसाठी उपयुक्त असले तरी केसांवर त्याचा परिणाम नगण्य आहे. वजन अधिक असल्यास ५ ते १० टक्के घट झाली तरी पाळी व संप्रेरके सुधारतात. केसाच्या वाढीचे चक्र लांब असल्याने औषधाचा गुण दिसण्यास किमान ६ महिने लागतात. दुसऱ्या महिन्यातच ते सोडून देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात.

चेहऱ्यासाठी एफ्लॉर्निथिन मलम आहे. ते केस काढत नाही, वाढ मंदावते. बंद केल्यावर सुमारे ८ आठवड्यांत स्थिती पूर्ववत होते.

केस कायमचे काढणे

वस्तऱ्याने केस जाड होतात हा समज दृढ आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच मोजमाप करून तो खोडला. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो राठ लागतो, इतकेच.

कायमस्वरूपी निर्मूलनाची सर्वांत जुनी रीत इलेक्ट्रॉलिसिस होय. १८७५ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ती वापरली. रोमकूपात अतिसूक्ष्म सुई सरकवून विद्युतप्रवाह सोडला की तेथील क्षारयुक्त पाण्यापासून दाहक अल्कली तयार होते व केसाचे मूळ नष्ट होते. पुढे उष्णतेने मूळ जाळणारी थर्मोलिसिस व दोन्हींचा मेळ घालणारी ब्लेंड या पद्धती आल्या. केसाचा रंग कोणताही असो, पांढराही, ती चालते. परंतु एकेक केस स्वतंत्रपणे हाताळावा लागत असल्याने हनुवटीसारख्या लहान भागालाही महिनोन्‌महिने लागतात, आणि हात अकुशल असल्यास व्रण राहतात.

मधल्या काळात एक भयंकर प्रयोग झाला. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रिको’ नावाने क्ष-किरणांनी केस काढणारी केंद्रे निघाली. वेदनाहीन म्हणून हजारो स्त्रिया तेथे गेल्या. पुढे अनेकींना त्वचेचे विकार व कर्करोग झाले.

लेसरमागील तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ साली मांडले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापासून केसांसाठी त्याचा वापर सुरू झाला. केसातील मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि त्या उष्णतेने मूळ जळते. मेलॅनिन त्वचेतही असते, ही भारतीय वर्णासाठी मुख्य अडचण. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर गोऱ्या त्वचेला मानवतो. गव्हाळ व सावळ्या त्वचेला सुमारे ८१० नॅनोमीटरचा डायोड, अधिक गडद वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग सुरक्षित मानतात. तरंगलांबी वाढते तसा प्रकाश खोल जातो व वरच्या थरात कमी शोषला जातो. चुकीचे यंत्र किंवा अतिरिक्त ऊर्जा वापरल्यास भाजल्याचे डाग राहतात.

वाढीच्या अवस्थेतील केसांवरच लेसरचा पुरता परिणाम होतो, म्हणून ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने ६ ते ८ बैठका लागतात. त्याआधी ४ ते ६ आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग वा चिमट्याने उपटणे बंद ठेवावे लागते, कारण मूळच नसेल तर प्रकाश शोषायला काही उरत नाही, वस्तरा चालतो. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील सणसवाडी, शिक्रापूर अशा गावांत दिवसभर उन्हात शेतकाम करणाऱ्या स्त्रीने बैठकीच्या आधी व नंतर त्वचा झाकण्याची काळजी विशेष घ्यावी लागते. रापलेल्या त्वचेवर लेसर धोक्याचा असतो. पांढऱ्या केसांवर व लवेवर त्याचा उपयोग नाही.

जाहिरातींत ‘कायमचे निर्मूलन’ असे लिहितात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची लेसरसाठी मान्य असलेली संज्ञा मात्र ‘कायमस्वरूपी घट’ अशी आहे : पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे. संप्रेरके अनियंत्रित असतील तर शेजारच्या रोमकूपांतील लवेचे नवे केस बनत राहतात, त्यामुळे पीसीओएस असलेल्या स्त्रीला वर्षातून एखाद-दोन बैठका पुढेही घ्याव्या लागतात. काही स्त्रियांत, विशेषतः सावळा वर्ण व संप्रेरकांचा बिघाड असताना, चेहऱ्यावर व मानेवर लेसरने उलट केस वाढल्याचेही आढळले आहे. बैठकांचे ‘पॅकेज’ एकरकमी विकत घेण्यापूर्वी रक्ततपासणी झालेली असावी, उपचार त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली असावा आणि लहानशा भागावर चाचणी घेऊन काही आठवडे वाट पाहिलेली असावी.