टाकणखार

धनत्रयोदशीच्या आठवड्यात इतवारीच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. मी खरेदीला नव्हे, आईच्या जुन्या पाटल्या आटवायला गेलो होतो. दुकानामागच्या खोलीत कारागिराने पाटल्यांचे तुकडे केले, मुशीत टाकले आणि गॅसची निळी ज्योत धरली. तुकडे वाकले, बसले, लालसर रस झाला. वर काळपट साय आली. मला वाटलं, झालं. त्याने मान हलवली आणि डबीतून पांढरी पूड चिमटीने सोडली.

"नुसत्या आगीनं पातळ होते भाऊ, साफ नाही होत. टाकणखार लागते."

तो खार वितळला, काच झाली, आणि ती काळी साय त्या काचेत ओढली गेली. तांबंबिंबं जळून जो मळ झाला होता, तो खारानं धरला. मळ फारच असला तर सोराही टाकतात, आणि चांदी वेगळी करायची तर तेजाबाशिवाय भागत नाही. हे सगळं तो हात न थांबवता सांगत होता.

मी ख्रिस्ती घरातला. लहानपणापासून दुःखाच्या प्रत्येक प्रसंगी आमच्याकडे सोन्याचा हा दाखला ऐकत आलो. सांत्वनसभेला पाळक उभे राहतात, पेत्राचं पहिलं पत्र उघडतात. अग्नीत पारखलं जाणारं सोनं, आणि त्याहून मोलाचा विश्वास. मंडळी 'आमेन' म्हणते. चहा येतो. जिचा नवरा गेला ती बाई भिंतीला टेकून बसलेली असते. तिच्याकडे बघताना मला नेहमी वाटायचं की दाखल्यात काहीतरी राहून गेलंय. काय राहिलं ते त्या दिवशी डबीत दिसलं.

पेत्राचं पत्र ज्यांना लिहिलं ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेले विश्वासी होते. शेजाऱ्यांत परके झालेले, टोमणे खाणारे लोक. यातल्या आशिया प्रांतात सार्दीस हे गाव येतं. प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या सात मंडळ्यांपैकी एक इथलीच. या सार्दीसमध्ये, पक्तोलस नदीच्या काठी, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला सोनं शुद्ध करण्याचा कारखाना उत्खननात सापडला आहे. नदीच्या वाळूतल्या सोन्यात चांदी मिसळलेली असे. ती आगीने निघत नाही, सोन्याबरोबर तीही वितळते. म्हणून तिथले कारागीर सोन्याचे पातळ पत्रे मिठात घालून भट्टीत ठेवत, आणि आच अशी राखत की सोनं वितळता कामा नये. मीठ हळूहळू चांदी खाई. घाई करून आच वाढवली की चांदी आणि सोनं पुन्हा एक. ज्या मुलखात हे पत्र वाचलं गेलं त्या मुलखातली ही जुनी विद्या. ते वाचणाऱ्यांना सोनाराच्या कामातलं आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार.

म्हणजे खार हवा, मंद आच हवी, वेळ हवा. पत्रात 'पारख' या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, 'दोकिमिऑन', तो कसाला उतरलेल्या खरेपणाबद्दल बोलतो. जाळण्याचं कौतुक त्यात नाही. आमच्या प्रवचनांत आगच फार आली आणि खार डबीतच राहिला, अशी माझी तक्रार आहे.

नागपूरचाच एक दाखला घेऊ. 1890 नंतरच्या दोन-तीन वर्षांत कवी नारायण वामन टिळक इथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. सोबत पत्नी लक्ष्मीबाई होत्या. पुढे टिळक राजनांदगावला निघाले, आणि त्या आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला म्हणतात. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट टिळकांची म्हणून शेकडो वेळा सांगितली गेली आहे. वाळीत पडणं, नातेवाइकांचे शिव्याशाप, पोटापाण्याची ओढाताण हे सगळं त्यांनी सोसलं. पण एक फरक कोणी फारसा सांगत नाही. टिळकांनी आपली भट्टी निवडली होती. लक्ष्मीबाईंच्या अंगावर ती येऊन कोसळली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

जन्म 1868, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घर त्याखाली दबलेलं. अकराव्या वर्षी लग्न. नवरा प्रतिभावान, तापट, घरात असेल ते वाटून टाकणारा. लहान मुलं दगावली. आणि मग बातमी आली की नवऱ्याने धर्म सोडला. त्या काळातल्या ब्राह्मण बाईला हे वैधव्याहूनही वाईट होतं, कारण यात शोक करायलाही सोय नाही. नवरा जिवंत, आणि त्याच्या हातचं पाणी चालत नाही. पदरात छोटा दत्तू. पुढची काही वर्षं त्या पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने होत्या. जीव द्यावा असंही मनात येऊन गेलं.

या आगीने लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, असं म्हणणारा त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' नीट वाचत नाही. आगीने त्या नुसत्या वितळल्या होत्या. खार वेगळा होता. एक तर ती बहीण, जिने बोल न लावता सांभाळलं. दुसरं, टिळकांची पत्रं. भांडणाची, रुसव्याची, कवितेची, पण थांबली नाहीत. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. काही वर्षांनी त्या अहमदनगरला टिळकांकडे परत आल्या तेव्हा त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं जसंच्या तसं. एका छताखाली दोन चुली. टिळकांसारखा उतावळा माणूस, पण इथे त्यांनी आच वाढवली नाही. सार्दीसचा कारागीर याहून वेगळं काय करत होता?

मग एक दिवस असा आला की जात माणसाने केली, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना आतूनच उमगलं. कोणी वाद घालून पटवलं नव्हतं. त्यांनी ठरवलं की आता कोणाच्याही हातचं खायचं. वडिलांच्या घरून आलेलं सोवळं, ज्याने इतकी वर्षं देवाचंच रूप घेतलं होतं, ते सायीसारखं वर येऊन सुटलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गळालं ते सोवळं. भक्ती गळाली नाही, ती तर पंढरपूरहून बरोबरच आली होती.

टिळक म्हणत, की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. हा पूल कशाचा बांधलेला होता तेही बघावं. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांचा धंदा बसला, बायको अन्नावाचून गेली. देहूच्या वाण्याने त्या दुःखाला प्रारब्ध म्हणून हात जोडले नाहीत, त्याने विठ्ठलाशी भांडण मांडलं. बायबलातला ईयोबही तसाच. त्याचे मित्र मोठे शास्त्रशुद्ध बोलतात, पाप असल्याशिवाय दुःख येत नाही म्हणतात, आणि ईयोब देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. आमच्या सांत्वनसभांत हे शेवटचं पान क्वचित वाचलं जातं. पौलानेही अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं होतं, काटा गोड मानून घेतला नव्हता.

हे मुद्दाम लिहितोय, कारण या शिकवणीचा दुरुपयोग मी जवळून पाहिलाय. दारूच्या नशेत मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला, हा तुझा क्रूस, उचल, असं सांगणारी माणसं मंडळीत असतात. ती चांगली माणसं असतात हे आणखी वाईट. तिथे आग विझवायची असते. मुशीत बसवून ठेवायचं नसतं.

दुःखाने माणूस कडवट होतो किंवा कोवळा होतो, आणि नेमकं काय होणार हे आधी कळत नाही. पंडिता रमाबाईंकडे बघावं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तो एवढं ओझं घेऊन. आणि 1896-97 मध्ये आपल्या या मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा बाई पुण्याकडून इकडे आल्या, आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-विधवांना सोबत घेऊन गेल्या. केडगावच्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमाची मोठी वाढ झाली ती तिथून. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, त्या स्वतः पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी. मधल्या महिन्यांत बाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातावेगळं करत होत्या.

पण प्रत्येक दुःखाचा असा अर्थ लागतोच असं नाही. नागपूरकरांना स्टीफन हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळे माहीत असतं. 1845 मध्ये हा स्कॉटिश मिशनरी इथे आला. शाळा काढल्या, गोंडांची भाषा-रूढी टिपल्या, आणि फावल्या वेळात खडक फोडून जीवाश्म गोळा केले. त्याच्या नावाने हिस्लॉपाइट नावाचं खनिजही आहे. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून तो गेला. त्या मोहिमेत सोबत इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल होते. त्यांनी त्याची टिपणं 1866 मध्ये छापून काढली. आज सिव्हिल लाइन्समध्ये 1883 पासूनचं हिस्लॉप कॉलेज ज्या रस्त्यावर आहे त्याला टेंपल रोड म्हणतात. या मृत्यूतून काय शुद्ध झालं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर तयार असणाऱ्यांचं मला भय वाटतं.

पुन्हा लक्ष्मीबाईंकडे येतो. 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलं. त्यात दुःखाची एवढी रास आहे आणि वाचताना माणूस हसत सुटतो. नवऱ्याची फजिती, स्वतःची फजिती, सोवळ्याची फजिती, मिशनमधल्या बड्या मंडळींचीही. विश्वास कसाला उतरला की नाही हे मला त्या हसण्यावरून कळतं. ज्याचा विश्वास अजून कच्चा असतो तो आपल्या दुःखाची साक्ष देताना आवाज खाली आणतो, डोळे मिटतो. बाई तसं काही करत नाहीत. पंढरपूरचे दिवस सांगतात आणि मध्येच स्वयंपाकघरातली गंमत सांगून मोकळ्या होतात.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत गेले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. 'ख्रिस्तायन' अकराव्या अध्यायात अर्धवट राहिलं. लक्ष्मीबाईंचं शिक्षण म्हणजे लग्नानंतर घरीच गिरवलेली अक्षरं. नवऱ्याने ज्याचं नाव घेतलं म्हणून त्यांनी एकेकाळी जीव द्यायचं मनात आणलं होतं, त्याच्याच चरित्राचे पुढचे 64 अध्याय त्यांनी लिहिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या तेव्हा शेवटचा अध्याय बाकी होता. तो दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, लिहिला, आणि 1938 मध्ये पुस्तक छापून आलं.