पावतीवरचा शब्द

आम्ही ग्रीकचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य हजेरीपट आणि पगाराच्या पावत्या तपासण्यात गेले. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनाविषयी बोलण्याचे धाडस करतो, तेही एका पावतीमुळेच.

नव्या करारातील ग्रीक अभिजात ग्रंथांतल्या ग्रीकहून निराळी. म्हणून ती खास पवित्र भाषा असावी, असे कित्येक विद्वान मानीत. पुढे १८९६ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट ह्यांनी इजिप्तमधील ऑक्सिरिंखसचे उकिरडे खणावयास घेतले. पपायरसवरची पत्रे, करार, अर्ज, पावत्या हजारोंनी निघाल्या. आणि भाषा बरीचशी तीच! जर्मन पंडित डाइसमान ह्यांनी १९०८ च्या ग्रंथात ते साम्य उलगडून दाखविले.

दानाचा गाजावाजा करणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो. तेथला ‘अपेखो’ हा शब्द पावत्यांवर ‘पूर्ण पावलो’ ह्या अर्थाने येतो. म्हणजे हिशेब मिटला, पुढे येणे नाही. आमच्या एका सोबत्याने न वाचता अशाच कागदावर अंगठा उठविला आणि त्याचे येणे बुडाले. त्या शब्दाची धार आम्हांस तेव्हा कळली.

ह्याच हिशेबी भाषेत पौलाने तुरुंगातून फिलेमोनाला पत्र लिहिले. अनेसिम हा त्याचा दास. त्याला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घे. त्याच्याकडे काही येणे असेल तर माझ्या नावे मांड, मी फेडीन, असे पौल स्वहस्ते लिहितो. हा तर कर्जरोखाच!

पुढे सुमारे पन्नास वर्षांनी रोमन अधिकारी धाकटा प्लिनी ह्यानेही सबिनियानस नावाच्या मित्रापाशी एका मुक्त दासासाठी रदबदली केली. त्याला आपण खूप खडसावले आहे, आता राग आवर, असे तो लिहितो. प्लिनी दयेची शिफारस करतो. पौल जामीन राहतो. दोन्ही पत्रे शेजारी ठेवली म्हणजेच हा फरक दिसतो.

पण दासप्रथा मोडा, असे दोघेही म्हणत नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गुलामांचे मालक आणि मुक्तिवादी, दोघांनीही पौलाच्या ह्याच पत्राचा आधार घेतला. आपला पक्ष बळकट करण्यासाठी ग्रंथात नसलेले वाचणे हा मोह आम्हां चळवळीच्या माणसांनाही सुटत नाही. म्हणून आम्ही एवढेच सुचवितो: कागद कोणताही असो, आधी त्याच्या बाजारात जाऊन वाचावा, अंगठा मग उठवावा.