विश्लेषण : शिक्षणाच्या एका वर्षाने पगार किती टक्के वाढतो? ‘लॉग’चे आकडे कसे वाचायचे?

‘शिक्षणाचे प्रत्येक जादा वर्ष उत्पन्नात सुमारे ९ टक्क्यांची भर घालते,’ हे विधान शिक्षणविषयक अहवालांत आणि धोरणांच्या चर्चेत वारंवार येते. मुलांना किती शिकवायचे, त्यासाठी कर्ज काढायचे का, हे ठरवणाऱ्या कुटुंबांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. मात्र तो ज्या समीकरणातून निघतो, त्यात पगाराऐवजी पगाराचा ‘लॉग’ वापरलेला असतो. तो नीट वाचला नाही, तर अर्थच बदलतो.

९ टक्के हा आकडा आला कुठून?

अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७४ मधील आपल्या पुस्तकात शिक्षण, अनुभव आणि कमाई यांचा संबंध मांडला. एका बाजूला पगाराचा लॉग, दुसऱ्या बाजूला शिक्षणाची वर्षे, कामाचा अनुभव आणि अनुभवाचा वर्ग, असे हे समीकरण आहे. ‘मिन्सर समीकरण’ म्हणून ते जगभर वापरले जाते. जॉर्ज साकारोपुलोस आणि हॅरी पॅट्रिनोस यांनी २०१८ मध्ये १३९ देशांतील अशा अंदाजांचा आढावा घेतला. त्यात शिक्षणाच्या एका वर्षाचा व्यक्तीला मिळणारा सरासरी परतावा सुमारे ९ टक्के निघाला.

पगाराचा लॉग कशासाठी?

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत लॉग टेबल हाताळलेल्यांना आठवत असेल, की लॉग गुणाकाराचे रूपांतर बेरजेत करतो. पगाराच्या बाबतीत नेमके हेच उपयोगी पडते. १० हजारांचा लॉग ९.२१, २० हजारांचा ९.९० आणि ४० हजारांचा १०.६० येतो. रुपयांत पहिली वाढ १० हजारांची आणि दुसरी २० हजारांची आहे. लॉगमध्ये मात्र दोन्ही वेळा फरक सारखाच, ०.६९ इतका आहे. कारण दोन्ही वेळा पगार दुप्पटच झाला.

पगारवाढ आपण टक्क्यांतच मोजतो. शिवाय बहुतेकांचे पगार खालच्या टप्प्यात आणि मोजक्यांचे खूप वर, अशी विभागणी असते. दोन-चार लाखांचे पगार साध्या समीकरणाचा निष्कर्ष आपल्याकडे ओढून नेतात. लॉग घेतल्यावर हा ताण कमी होतो.

सहगुणकाचा अर्थ कसा लावायचा?

आधी लॉग कोणत्या बाजूला आहे, हे पाहावे.

• फक्त पगाराचा लॉग : शिक्षणाचा सहगुणक ०.०९ असेल, तर एका वर्षामागे पगार साधारण ९ टक्के वाढतो.

• फक्त कारण मानलेल्या घटकाचा लॉग : उत्पन्नाच्या लॉगवरून आयुर्मान मांडले आणि सहगुणक ५ आला, तर उत्पन्न १ टक्का वाढल्यास आयुर्मान ०.०५ वर्षाने वाढते. म्हणजे सहगुणकाला १००ने भागायचे.

• दोन्ही बाजूंना लॉग : मागणी आणि किंमत यांच्यात सहगुणक उणे ०.४ असेल, तर किंमत १ टक्का वाढल्यास मागणी ०.४ टक्के घटते. यालाच अर्थशास्त्रात लवचीकता म्हणतात.

हे सारे ‘नैसर्गिक’ लॉगला लागू आहे. शाळेतील लॉग टेबल १० पायाचे असते. त्या लॉगमध्ये ०.०९ चा अर्थ ९ नव्हे, तर २३ टक्के वाढ होतो.

०.५ म्हणजे ५० टक्के का नाही?

सहगुणक लहान असताना तो थेट टक्क्यांत वाचला तरी फारसे बिघडत नाही. ०.०९ ची अचूक वाढ ९.४ टक्के आहे. पण पदवीधर आणि बिगरपदवीधर यांच्यातील फरकाचा सहगुणक ०.५ आला, तर प्रत्यक्ष फरक सुमारे ६५ टक्के असतो. उणे ०.५ असेल तर घट ५० नव्हे, ३९ टक्के असते. अचूक उत्तरासाठी २.७१८ या संख्येचा तितका घात काढून त्यातून १ वजा करावा लागतो. संशोधकही या ठिकाणी चुकतात, हे हॅल्वरसन आणि पामक्विस्ट यांनी १९८० मध्येच दाखवून दिले होते.

ही वाढ चक्रवाढ असते. सहगुणक ०.०९ धरला, तर चार वर्षांची वाढ ३६ नव्हे, ४३ टक्के होते.

‘सरासरी पगार’ही वेगळा?

होय. तिघांचे पगार १०, २० आणि ४० हजार आहेत. त्यांची नेहमीची सरासरी २३,३३३ रुपये. मात्र लॉगची सरासरी काढून ती पुन्हा रुपयांत आणली, की २० हजार मिळतात. त्यामुळे लॉगच्या समीकरणावरून थेट काढलेला ‘अपेक्षित पगार’ प्रत्यक्ष सरासरीपेक्षा कमी दिसतो. त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते.

ज्यांना पगारच नाही, त्यांचे काय?

शून्याचा लॉग अस्तित्वात नाही. त्यामुळे बेरोजगार तरुण किंवा घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणाऱ्या महिला अशा समीकरणातून वगळल्या जातात. ९ टक्क्यांचा हिशेब फक्त कमावणाऱ्यांचा असतो. शिकूनही काम न मिळण्याचा धोका त्यात येत नाही.

यावर पगारात १ मिळवून लॉग घेण्याची पळवाट काढली जाते. पण शून्यावरून १० हजारांवर जाणाऱ्याचा बदल रुपयांत मोजल्यास ९.२१ आणि हजार रुपयांत मोजल्यास २.४० येतो. एकक बदलले की उत्तर बदलते. जियाफेंग चेन आणि जोनाथन रॉथ यांनी २०२४ मधील शोधनिबंधात दाखवून दिले, की असा निष्कर्ष टक्क्यांत वाचणे चुकीचे ठरते.

वाढ शिक्षणामुळेच झाली, असे म्हणता येते?

लॉग त्याचे उत्तर देत नाही. जास्त शिकणारी मुले अनेकदा सुस्थितीतील घरांतली असतात. त्यांचा पगार ओळखी, शहर किंवा भाषा यांमुळेही जास्त असू शकतो. एस्थर डुफ्लो यांनी इंडोनेशियात १९७३ ते १९७८ दरम्यान बांधलेल्या ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळांचा आधार घेऊन हा प्रश्न तपासला. शाळा जास्त बांधलेल्या आणि कमी बांधलेल्या भागांची तुलना केल्यावर एका वर्षाचा परतावा ६.८ ते १०.६ टक्के निघाला. म्हणजे तिथे शिक्षणाचा लाभ खरा ठरला, पण त्यासाठी लॉगबरोबरच योग्य तुलनाही लागली.

त्यामुळे ‘या अभ्यासक्रमाने पगार इतके टक्के वाढतो’ असा दावा समोर आल्यास तीन प्रश्न विचारायला हवेत. टक्केवारी अचूक काढली आहे का? काम न मिळालेले त्यात धरले आहेत का? आणि तुलना कोणाशी केली आहे? कर्जाचा हप्ता मात्र लॉगमध्ये नव्हे, रुपयांत भरायचा असतो.