हुकूम मोडण्याचे धैर्य

शौर्याची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे चटकन उभा राहतो तो खिंडीत एकटा झुंजणारा वीर. त्याच्याविषयी आमची काहीच तक्रार नाही. परंतु शौर्याचा आणखी एक प्रकार आहे. त्याचे पोवाडे होत नाहीत. उलट पुष्कळदा त्याला भ्याडपणा हेच नाव मिळते. शत्रूपुढे उभे राहावयास छाती लागते हे खरे. पण आपल्याच धन्यापुढे उभे राहून ‘हे माझ्या हातून होणार नाही’ असे म्हणावयास काय लागते? त्याचा आज विचार करू, आणि उदाहरण घेऊ ते गोव्याचे.

मालाडकरांना हा विषय परका वाटू नये. मालाड ज्या साष्टी बेटात येते, ते 1737 सालापर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते. 1739 साली वसई पडली, तेव्हा चिमाजी अप्पांनी किल्ल्यातील लोकांना सामानसुमानासह सुखरूप बाहेर जाऊ दिले. लढाईत नि:शस्त्राला वाट द्यावी, ही रीत आपल्या मुलखात नवी नव्हे. गोवा मात्र पुढेही पोर्तुगीजांकडे राहिला, तो 1961 पर्यंत.

त्या वर्षी गोव्याचे गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती होते मान्युएल आंतोनियो व्हासालो ई सिल्व्हा. भारतीय सेना सरहद्दीवर जमू लागली होती. 14 डिसेंबरला लिस्बनहून हुकूमशहा सालाझारचा संदेश आला. त्याचा आशय असा, की तह नाही, शरणागती नाही. आपला सैनिक एक तर जिंकलेला दिसावा, नाही तर मेलेला. निदान आठ दिवस तरी झुंज चालावी, म्हणजे जगात बोभाटा करता येईल. आता हिशेब पाहा. गोव्यातील पोर्तुगीज फौज तीन-साडेतीन हजारांची. लढाऊ विमान एकही नाही. समोर भारताचे पायदळ, आरमार आणि विमानदल. आणि मध्ये सुमारे सहा लाख सामान्य माणसे: शेतकरी, रापणकर, पाववाले, बायामुले. आठ दिवसांच्या त्या बोभाट्याची किंमत कोण भरणार होते, हे सांगावयास नको.

व्हासालो यांनी पहिला हुकूम मोडला तो त्याच महिन्याच्या सुरुवातीस. ‘इंडिया’ नावाचे जहाज मुरगाव बंदरात आले होते. त्यावर कोणासही चढू देऊ नये, असे लिस्बनचे फर्मान होते. जहाजाची सोय 380 माणसांची. यांनी सुमारे 700 पोर्तुगीज नागरिकांना त्यावरून जाऊ दिले. 18 डिसेंबरला भारतीय सेना आत शिरली. पोर्तुगीजांनी पूल उडविले, काही ठिकाणी चकमकीही झाल्या. परंतु पणजीच्या गल्ल्यागल्ल्यांतून रक्त सांडण्याची वेळ आली नाही. नागरी इमारती उद्ध्वस्त करण्याच्या सूचना व्हासालो यांनी बाजूला ठेवल्या आणि 19 डिसेंबरच्या संध्याकाळी शरणपत्रावर सही केली. भारताच्या हिशेबानुसार आपले 22 आणि त्यांचे 30 सैनिक कामी आले.

कोणी म्हणेल, हरणारच होता, मग शरण गेला यात विशेष काय? प्रश्न रास्त आहे. पण हरणाऱ्या सेनापतीपुढे दुसरीही वाट असते: स्वतः हुतात्मा व्हावे आणि आपल्याबरोबर शहरही जाळावे. त्या वाटेने गेले असते तर लिस्बनमध्ये पुतळा उभा राहिला असता. शरण जाण्याने काय मिळणार, याचीही त्यांना कल्पना असणारच. 1963 साली त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. 1974 च्या क्रांतीत ती राजवट कोसळली, तेव्हाच त्यांचा मान परत मिळाला. पुढे 1980 साली ते गोव्यात आले, तेव्हा ज्यांच्यावर त्यांनी राज्य केले होते त्याच लोकांनी त्यांचे स्वागत केले.

आम्ही त्यांना संत म्हणत नाही. ज्या राजवटीने 15 ऑगस्ट 1955 रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून वीसहून अधिक माणसे मारली, तिचेच ते पुढे अधिकारी झाले. ते पाप एका सहीने धुतले जात नाही. परंतु माणूस चुकीच्या बाजूला असूनही एखाद्या क्षणी योग्य तेच करू शकतो, हे मान्य न करणे म्हणजे माणसावरचा विश्वासच सोडणे होय.

हे आम्हांला एका कारखान्याने शिकविले. माल वेळेवर जावा म्हणून प्रेसची जाळी काढून पाळी चालवा, असा तेथे वरून हुकूम आला. हुकूम देणाऱ्याची बोटे यंत्रात जाणार नव्हती. फोरमनने मेन स्विच पाडला आणि तेथेच उभा राहिला. त्याची बढती गेली. वर्षानुवर्षे आम्ही त्याच्याशी भांडलो होतो. त्या दिवशी मात्र आम्ही त्याला नमस्कार केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात ठरले, की ‘वरून हुकूम होता’ एवढ्यावर कोणी सुटत नाही. हे तत्त्व ग्रंथात आहेच. ते जगात टिकते मात्र एकाच गोष्टीवर: हुकूम हातात पडल्यावर, याची किंमत कोण भरणार, असे विचारणारा माणूस त्या जागी असावा लागतो. तुमच्या-आमच्या हातीही रोज लहानमोठे हुकूम पडतच असतात. तेव्हा हा प्रश्न विचारावयास युद्धाची वाट पाहावी लागत नाही.