त्यांना ‘इंडियन’ कुणी म्हटलं?



आज डब्याला बटाट्याची भाजी किती जणींनी केली? ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, पण तो त्यांचाही नव्हे. कॅरिबियन बेटांवर ताइनो नावाचे लोक राहत. त्यांच्या बोलीत रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. ‘काजू’ हा शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचा. मिरची, मका, भुईमूग, टोमॅटो हेही सारं अमेरिका खंडातलंच. त्यांची पिकं आपण रोज खातो, त्या माणसांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

त्याला कारण आहे. १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर उतरला. आपण हिंदुस्थानच्या बाजूला पोहोचलो असं त्याला वाटलं, म्हणून समोर दिसलेल्या साऱ्यांना त्याने ‘इंडियन’ म्हटलं. चूक पुढे कळली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शहरातली माणसं कोकणातलीला, खानदेशातलीला, मराठवाड्यातलीला एकाच पोत्यात घालून ‘खेड्यातल्या बायका’ म्हणतात ना, तसंच!

वास्तविक उत्तरेला बर्फात सीलची शिकार करणारे इनुइट, मेक्सिकोत नाहुआ, दक्षिणेला चिलीत मापुचे. एकट्या ग्वाटेमालात माया लोकांच्या बावीस भाषा आहेत. पुढे आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसं नेली गेली. त्यांच्यातले काही आणि बेटांवरचे मूळ रहिवासी यांच्यातून गारिफुना हा समाज झाला. इंग्रजांनी १७९७ साली त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकललं, तेव्हा ते होंडुरासच्या किनाऱ्यावर जाऊन वसले. त्यांच्या बायका आजही कसावाचं कंद किसतात, विणलेल्या लांब पिशवीत पिळून विषारी रस काढून टाकतात आणि मग भाकरी भाजतात. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा.

१८३८ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे मजूर उसाच्या मळ्यांसाठी गयानात नेले गेले, नंतर त्रिनिदादलाही. गंमत बघा, ‘इंडियन’ हे नाव तिथे आधीच दुसऱ्यांना देऊन झालेलं. मग खऱ्या हिंदुस्थानी माणसांना ‘ईस्ट इंडियन’ म्हणायची वेळ आली.

पण दुसऱ्याने ठेवलेलं नाव नेहमी गमतीचं नसतं. बोलिव्हियात घेरदार परकर आणि दोन वेण्या घालणाऱ्या क्वेचुआ व आयमारा बायकांना ‘चोला’ म्हणून हिणवत. कासिमिरा रोड्रिगेस ही त्यांच्यातलीच एक. तेराव्या वर्षी गोड आश्वासनं देऊन तिला शहरात घरकामाला नेलं आणि दोन वर्षं पगारच दिला नाही. पुढे तिने मोलकरणींची संघटना बांधण्यात पुढाकार घेतला. अनेक वर्षं झगडल्यावर २००३ साली घरकामगारांसाठी कायदा झाला. २००६ साली कासिमिरा देशाची न्यायमंत्री झाली, आणि कचेरीत गेली ती परकर-वेण्यांतच. २००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशच्या जोडीला तिथल्या मूळ लोकांच्या छत्तीस भाषांना राजभाषेचा मान दिला. ‘चोला’ शब्द आता कित्येक जणी अभिमानाने स्वतःसाठी वापरतात.

मेक्सिकोत गोष्ट वेगळी. तिथे आफ्रिकी वंशाचे लोक शेकडो वर्षं राहतात, पण सरकारदप्तरी त्यांचा रकानाच नव्हता. जो मोजला जात नाही, त्याच्या नावाने शाळा किंवा दवाखाना कोण मागणार? संघटनांनी बराच काळ रेटा लावला, तेव्हा २०२० च्या जनगणनेत हा प्रश्न आला. रंग कोणता, असं विचारलं नाही. तुमच्या चालीरीतींप्रमाणे तुम्ही स्वतःला आफ्रिकी वंशाचे मेक्सिकन समजता का, असं विचारलं. पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी ‘होय’ म्हटलं.

आपल्याकडे जनगणनेची बाई दारात येते, तेव्हा उत्तरं कोण देतं? आमच्या गटात विचारलं, तर बहुतेकींच्या घरी नवरा नाहीतर सासरे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर विचारा, आणि काय उत्तरं आली ते आम्हाला कळवा.