वेदांगी कुलकर्णी : सायकलवरची पृथ्वीप्रदक्षिणा

मूळची पुण्याची वेदांगी कुलकर्णी इंग्लंडच्या बोर्नमथ विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकत होती. वयाच्या 19व्या वर्षी, जुलै 2018मध्ये, तिने ऑस्ट्रेलियातील पर्थहून सायकलने जगप्रदक्षिणा सुरू केली.

विक्रमाच्या नियमांनुसार अशा प्रदक्षिणेत सुमारे 29,000 किमी सायकल चालवावी लागते, दिशा एकच ठेवावी लागते आणि पृथ्वीगोलावर एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध असलेल्या दोन बिंदूंवरून जावे लागते.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, युरोप, रशिया आणि शेवटी भारत असा मार्ग होता. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लूट झाली, रशियात कडाक्याची थंडी सोसावी लागली. बरेचसे अंतर तिने एकटीने कापले.

23 डिसेंबर 2018 रोजी तिने कोलकात्यात ठरलेले अंतर पूर्ण केले. एकूण 159 दिवस, 14 देश!